पिंग ०.४ वरून ७० वर: उसळी तारेतली की रांगेतली?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. ऑफिसात प्रॉक्समॉक्सचा (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक होस्ट, म्हणजे खरं मशीन, आहे, १६ कोअरचा. त्यावर नऊ व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालतात आणि सगळ्यांचे मिळून ४२ व्हर्च्युअल कोअर वाटलेत. त्यातल्या बिलिंगच्या व्हीएमला ८ दिलेत. तिचं पिंग, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ, एरवी ०.४ मिलिसेकंद असतं. पण दुपारी, आणि महिनाअखेरीला तर जास्तच, ते मध्येच ३०, ५०, ७० वर उसळतं आणि लगेच पुन्हा जागेवर येतं. त्याच वेळी होस्टला पिंग केलं तर स्वच्छ. होस्टचा सीपीयू आलेखात ३५ टक्क्यांच्या वर जात नाही. तुम्ही केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, आणि आता १० गिगाबिटचं कार्ड मागवायचं म्हणताय. कुठलं घ्यावं असा तुमचा प्रश्न आहे.

कार्ड मागवू नका. निदान एवढ्यात तरी नको.

होस्टचं पिंग आणि व्हीएमचं पिंग एकाच केबलमधून, एकाच पोर्टातून, एकाच कार्डातून जातं. होस्टचं उत्तर वेळेवर येतं आणि व्हीएमचं येत नाही, याचा अर्थ तारेला तुम्हीच निर्दोष ठरवलंय, फक्त निकाल वाचायचा राहिला. पॅकेट होस्टच्या दारापर्यंत वेळेवर पोचतंय. पुढे, दारापासून व्हीएमच्या हातात पडून उत्तर परत दारात येईपर्यंत, कुठेतरी वेळ जातोय. खरा प्रश्न ‘नेटवर्क हळू का आहे’ हा नाहीच. ‘पॅकेट आलं तेव्हा व्हीएम जागी होती का’ हा आहे.

खऱ्या मशीनचा सीपीयू सतत तिचाच असतो. व्हीएमचं तसं नाही. होस्टच्या दृष्टीने व्हीएमचा प्रत्येक कोअर म्हणजे एक साधा थ्रेड, रांगेतलं एक काम. त्याची पाळी आली की तो चालतो, नाही आली की थांबतो. थांबलेला असताना त्याला स्वतः थांबल्याचं कळतही नाही. त्या वेळात आलेलं पॅकेट रांगेत पडून राहतं आणि पिंग मोजणारा बिचारा म्हणतो, नेटवर्क गेलं.

हे सगळं तुमच्याकडे असंच असेल याची हमी मी इथे बसून देऊ शकत नाही. होस्टवर मेमरी किती ओढाताणीत आहे, बॅकअप कधी चालतो, व्हीएमला नेटवर्क कार्ड कुठल्या प्रकारचं दिलंय, यावर बरंच अवलंबून आहे. पण एक चाचणी अशी आहे, की दहा मिनिटांत अर्ध्या शक्यता बाद होतात. मी कुठल्याही ठिकाणी गेलो की आधी तीच करतो.

दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनवरून, रूट होऊन, त्या व्हीएमला दर १० मिलिसेकंदांनी पिंग करा. पिंगला ‘-आय ०.०१’ दिलं की झालं. नेहमीचं पिंग सेकंदाला एक पॅकेट पाठवतं. त्या दोन पॅकेटांच्या मध्ये अख्खा गोंधळ होऊन मिटतो आणि तुमच्या हाती एखादाच आकडा लागतो, कधी ७०, कधी ३०. म्हणून ते ‘कधीही, कितीही’ उसळतं असं वाटतं. दर १० मिलिसेकंदांनी पाठवा आणि उसळीच्या जागी आकडे कसे येतात ते बघा. माझा अंदाज असा, की साधारण असं काहीतरी दिसेल: ०.४, ०.४, ०.५, ७१, ६१, ५१, ४१, ३१, २१, ११, १, ०.४.

जिना दिसला? प्रत्येक पायरी बरोबर १० ने खाली. म्हणजे पहिलं पॅकेट ७१ मिलिसेकंद ताटकळलं, दुसरं त्यानंतर १० ने निघालं म्हणून ६१, तिसरं ५१. आठही पॅकेटं दारात जमली आणि आठांनाही एकाच क्षणी उत्तर मिळालं. एकही हरवलं नाही. हे तारेचं लक्षण नव्हे. समोरचा ७१ मिलिसेकंद डोळे मिटून होता, उठला आणि त्याने सगळी पत्रं एका बैठकीत निकालात काढली.

तारेतली गर्दी अशी दिसत नाही. कुणीतरी बॅकअप वर चढवतंय आणि लिंक भरलीय, अशा वेळी आकडे टेकडीसारखे चढतात: ०.४, ३, ८, १५, २२, २५, मग बराच वेळ तिथेच, आणि मग हळूहळू उतरतात. रांग वाढते तसा वेळ वाढतो. खराब केबल किंवा पोर्ट असेल तर उशीर फारसा होत नाही, पॅकेटं गळतात; क्रमांकांत खड्डे पडतात. जिना, टेकडी की खड्डे, एवढं नीट बघितलं तरी केबल बदलत बसण्याचे दोन दिवस वाचतात.

आता तुमच्या ३५ टक्क्यांबद्दल. हा आकडा खोटा नाही, पण तो मिनिटाची सरासरी आहे. ७५ मिलिसेकंद म्हणजे मिनिटाचा आठशेवा भाग. एवढ्या वेळात सोळाच्या सोळा कोअर भरून गेले आणि लगेच रिकामे झाले, तर सरासरीच्या आलेखावर सुरकुतीसुद्धा पडत नाही.

लग्नातली पंगत आठवा. १६ पानं मांडलीत आणि जेवणारे ४२. सगळे एकाच वेळी जेवायला येत नाहीत तोवर कुणाचं अडत नाही. ओव्हरकमिट, म्हणजे आहेत त्यापेक्षा जास्त कोअर वाटणं, चालतं ते याच भरवशावर. पण मुहूर्त लागला की सगळे एकदम येतात. तेव्हा ज्याला फक्त घोटभर पाणी प्यायचंय त्यालाही पान रिकामं होईपर्यंत थांबावं लागतं. पिंगचं उत्तर म्हणजे तो पाण्याचा घोट. त्याला लागणारा सीपीयू नगण्य, पण पाळी लागतेच. त्यात तुमच्या बिलिंगला ८ पानं हवीत. व्हीएमवेअरमध्ये (प्रॉक्समॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) तर कुटुंबाने, म्हणजे एका व्हीएमच्या सगळ्या कोअरनी, साधारण बरोबरीने जेवलं पाहिजे असाही दंडक आहे. एखादा फार पुढे गेला तर बाकीचे येईपर्यंत त्याला थांबवतात. तिथे मोठ्या व्हीएमचे कोअर कमी केले की ती वेगाने पळायला लागते. हे मी लोकांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे संशयाने बघतात, आणि आठवड्याने फोन करतात.

ही वाट बघणं मोजता येतं. व्हीएमच्या आत ‘टॉप’ लावा आणि सीपीयूच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ म्हणून आकडा असतो तो बघा. त्याला स्टील टाइम म्हणतात: मला चालायचं होतं, पण होस्टने चालू दिलं नाही, असा वेळ. ‘व्हीएमस्टॅट १’ लावून ठेवलंत तर दर सेकंदाचा मिळेल. केव्हीएमवर, म्हणजे तुमच्या प्रॉक्समॉक्सवर, तो भरवशाचा आहे. व्हीएमवेअरवर मात्र गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या, आत तो सहसा शून्यच दिसतो आणि लोक फसतात. तिथे होस्टवर ‘ईएसएक्सटॉप’मध्ये ‘रेडी’चा टक्का बघायचा. व्हीसेंटरच्या (व्हीएमवेअरचं व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर) रिअल-टाइम आलेखात तोच मिलिसेकंदांत असतो आणि दर २० सेकंदांची बेरीज असते. २००० दिसलं तर ते १० टक्के. तो आकडा अख्ख्या व्हीएमचा असेल तर आधी कोअरच्या संख्येने भागायचा. प्रत्येक कोअरमागे ५ टक्क्यांच्या वर गेलं की मी सावध होतो, १० च्या वर गेलं की दुसरीकडे बघतच नाही.

पण तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला जास्त खटकतेय. तुम्ही लिहिलंय की उसळी कितीही वेळा आली तरी ७५ च्या वर कधी गेलेली आठवत नाही. निव्वळ गर्दी असती तर कधी २०, कधी ९०, कधी १४० असं काहीही दिसलं असतं. उसळीला छत असलं की मी मागे कुठेतरी घड्याळ शोधतो.

भोसरीतल्या एका कारखान्यात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर व्हीएमवर होतं. ट्रक काट्यावर उभा, ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढतोय, आणि स्क्रीनवर वजन अडकत अडकत येतंय. नेटवर्कवाल्यांनी स्विच दोनदा बदलला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी दर १० मिलिसेकंदांचं पिंग लावलं, जिना दिसला, पहिली पायरी दरवेळी ७५ च्या आत. व्हीएमची सेटिंग उघडली तर ८ कोअर आणि सीपीयू लिमिट २. आता हिशेब करा. लिनक्सचा शेड्युलर ही मर्यादा १०० मिलिसेकंदांच्या हप्त्यात पाळतो. लिमिट २ म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत एकूण २०० मिलिसेकंदांचा सीपीयू. आठही कोअर एकदम कामाला लागले की ८ गुणिले २५, हे २०० पहिल्या २५ मिलिसेकंदांतच संपतात. उरलेले ७५ मिलिसेकंद अख्खी व्हीएम कुलूपबंद, होस्ट रिकामा पडलेला असला तरी. महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यात उडवला की पुढचे तीन आठवडे जसे जातात तसं. तिथली मर्यादा घालणारा माणूस कोण हे शोधायला नोंदी काढल्या. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या कुठल्यातरी भांडणात, मीच घातली होती.

तेव्हा सगळ्यात आधी तुमच्या व्हीएमच्या सीपीयू सेटिंगमध्ये लिमिट आहे का बघा. असेल तर होस्टवर त्या व्हीएमच्या सीग्रुपमधली (लिनक्स जिथे तिच्या मर्यादांचा हिशेब ठेवतो) ‘सीपीयू.स्टॅट’ ही फाइल उघडा. त्यात ‘एनआर_थ्रॉटल्ड’ नावाचा आकडा असतो. उसळीच्या आधी आणि नंतर तो वाढला असेल तर चोर सापडला. व्हीएमला खरंच आवरायचं असेल तर तिचे कोअरच कमी करा: २ कोअरला लिमिट २ घातली तर गेस्टला कुलूप जवळपास लागतच नाही. दुसऱ्यांपेक्षा कमी महत्त्व द्यायचं असेल तर सीपीयू युनिट्स, म्हणजे वाटणीचं वजन, कमी करा; ते फक्त गर्दीच्या वेळी लागू होतं.

लिमिट नसेल तर? मग पॅकेट कुठे थांबतंय ते डोळ्यांनी बघायचं. होस्टवर दोन ठिकाणी टीसीपीडंप (येणाऱ्याजाणाऱ्या पॅकेटांची वेळेसकट नोंद करणारी कमांड) लावा, एक खऱ्या कार्डावर आणि एक त्या व्हीएमच्या टॅपवर, म्हणजे होस्टवरच्या तिच्या आभासी जोडणीवर. व्हीएमचा क्रमांक १०१ असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये टॅपचं नाव ‘टॅप१०१आय०’ असतं. दोन्ही एकाच होस्टवर, एकाच घड्याळाने चालतात, म्हणून वेळा बिनदिक्कत वजा करता येतात. पॅकेट कार्डावर आलं आणि टॅपवर उशिरा पोचलं, तर गडबड होस्टच्या ब्रिजमध्ये (आतल्या आभासी स्विचमध्ये), फायरवॉलमध्ये किंवा इंटरप्ट, म्हणजे कार्डाने सीपीयूला मारलेली हाक, हाताळण्यात. टॅपवर वेळेत पोचलं आणि त्याचं उत्तर टॅपवर ७० मिलिसेकंदांनी उमटलं, तर व्हीएम झोपली होती. हाच टीसीपीडंप फक्त गेस्टच्या आत लावून ‘आमच्याकडे तर क्षणात उत्तर जातंय’ असं सांगणारे खूप भेटतात. बरोबरच आहे, झोपलेल्याचं घड्याळ त्याला झोप सांगत नाही. पॅकेट हातात पडल्यापासूनचा वेळ तो मोजतो.

ॲप हळू आहे पण पिंग साफ आहे, अशी तक्रार असेल तर अडकण्याचा कालावधी बघा. काही आकडे इतके ओळखीचे आहेत की मला बोटांचे ठसे वाटतात. दरवेळी ४० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे बहुतेक लिनक्सचा डिलेड ॲक (पोच थोडं थांबून देणं) आणि समोरच्याचं नेगल (पोच येईपर्यंत छोटी पॅकेटं रोखून धरणं) यांची ‘पहिले आप’. २०० च्या थोडं वर म्हणजे पॅकेट हरवलं आणि टीसीपीने ते पुन्हा पाठवलं. लिनक्समध्ये त्याची किमान मुदत २०० मिलिसेकंद आहे. कनेक्शन जोडतानाच बरोबर १ सेकंद किंवा ३ सेकंद गेले तर जोडणी मागणारं पहिलं सिन पॅकेट गळालं. पहिली मुदत १ सेकंदाची, पुढची दुप्पट, म्हणून १ आणि मग ३. आणि ५ सेकंद दिसले की मी बाकी सगळं सोडून डीएनएस बघतो, कारण नावाचा पत्ता विचारून उत्तर न आल्यास लिनक्स मुळात ५ सेकंद थांबतो. या शेवटच्या प्रकारात नेटवर्क बदलून, व्हीएम बदलून, अगदी इमारत बदलूनही काही होत नाही.

नेटवर्कच्या बाजूने व्हीएमच्या आत बघण्यासारख्या गोष्टी तशा थोड्याच. कार्डाचा प्रकार ‘ई१०००’ असेल तर ‘व्हर्टआयओ’ (खास व्हीएमसाठी बनवलेला प्रकार) करा. पहिल्यात एका जुन्या इंटेल कार्डाची हुबेहूब नक्कल होते आणि त्या नक्कलीला सीपीयू लागतो. ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ मध्ये नेटवर्कचे सगळे इंटरप्ट एकाच कोअरवर पडताहेत का बघा. पडत असतील आणि तोच कोअर बिलिंगच्या कामात जळत असेल तर मल्टिक्यू (पॅकेटांचं काम अनेक रांगांत वाटणं) चालू करा. ‘सॉफ्टनेट_स्टॅट’ फाइलचा दुसरा रकाना गळालेल्या पॅकेटांचा आणि तिसरा ‘वेळ संपला म्हणून काम अर्धवट सोडलं’ याचा. दोन्ही हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) असतात, घाबरू नका. तिसरा थोडाफार वाढतोच, दुसरा वाढायला नको. एकाच नेटवर्कात दोन मशीनना एकच आयपी दिलेला असला तरी मजेशीर उसळ्या दिसतात, पण त्याचं नशीब असं की ते दोन दिवसांत कुणीतरी आरडाओरडा करून उघडकीला आणतंच.

मेमरी विसरू नका. होस्टवर स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वापरात असेल आणि व्हीएमच्या मेमरीची पानं, म्हणजे तुकडे, डिस्कवर गेली असतील, तर गेस्टने त्या पानाला हात लावताच तो कोअर डिस्कवरून पान परत येईपर्यंत थिजतो. गेस्टच्या आत मेमरी भरपूर मोकळी दिसते, त्यामुळे संशय येत नाही. झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरत असाल तर त्याची कॅश किती मेमरी धरून बसलीय तेही बघा. यातल्या उसळ्यांना छत नसतं. ३०० मिलिसेकंद, २ सेकंद, काहीही.

उसळ्या ठरावीक वेळी येत असतील, समजा रोज रात्री १ वाजता, तर बॅकअप आणि स्नॅपशॉटचं वेळापत्रक शेजारी ठेवा. मेमरीसकट स्नॅपशॉट घेताना व्हीएम काही क्षण खरोखर थांबवली जाते. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये आणखी एक खाच आहे: बॅकअप चालू असताना बॅकअपने अजून न उचललेल्या ब्लॉकवर गेस्टने लिहायला घेतलं, तर जुना ब्लॉक आधी बॅकअपच्या जागी जातो. ती जागा हळू असेल तर गेस्टचं लिहिणंही हळू. यासाठी ८.२ आवृत्तीत, २०२४ मध्ये, फ्लीसिंग नावाची सोय आली: जुना ब्लॉक आधी जवळच्या जलद डिस्कवर ठेवायचा. तुमची तक्रार दुपारची आहे, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

आणि एक उलटा प्रकार, कारण पुढेमागे तो तुम्हाला बुचकळ्यात टाकेल. पूर्ण रिकाम्या व्हीएमचं पिंग कधीकधी कामात असलेल्या व्हीएमपेक्षा वाईट येतं. कोअर झोपलेला, होस्टचा प्रोसेसरही वीज वाचवायला गाढ झोपेत, दोघांना उठवायचं. हा फरक मिलिसेकंदाच्या आतबाहेरचा असतो. तो दिसला म्हणून बायोसमध्ये शिरू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की सरळ क्लाउडवर जाऊ का. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात त्याआधीपासून. अंतराची अडचण नाही. काचेच्या तंतूत प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे पुणे-मुंबई जाऊन येऊन दीड-दोन मिलिसेकंद पुरतात, प्रत्यक्षात थोडे जास्त. पण पंगत तिथेही आहे, फक्त यजमान बदलतो. टी३ मायक्रोसारख्या स्वस्त मशीनला प्रत्येक कोअरचा १० टक्केच हक्काचा असतो, बाकी साठवलेल्या क्रेडिटवर. ‘अनलिमिटेड’ (क्रेडिट संपलं तरी जादा पैसे देऊन पळण्याची सोय) बंद असेल तर क्रेडिट संपल्यावर तोच जिना तुम्हाला तिथे दिसेल. वर पॅकेटांच्या संख्येवरही मर्यादा असते. ती ओलांडली का हे ‘ईथटूल -एस’ ने ‘पीपीएस_अलाउन्स_एक्सीडेड’ या आकड्यात बघता येतं. फार थोडे लोक तो बघतात.

तुमच्या जागी मी असतो तर आज दुपारी गर्दीच्या वेळी दर १० मिलिसेकंदांचं पिंग पाच मिनिटं लावून ते फाइलमध्ये साठवलं असतं, त्याच वेळी गेस्टमध्ये ‘व्हीएमस्टॅट १’. जिना आणि वाढलेला ‘एसटी’ एकाच क्षणाला सापडले तर आधी लिमिट तपासायची, नसेल तर बिलिंगच्या व्हीएमचे कोअर ८ चे ४ करायचे आणि तिच्या शेजारच्यांपैकी ज्या व्हीएमना गरज नसताना ४-६ कोअर दिलेत त्यांचे २ करायचे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तेच पिंग. टेकडी निघाली तर कार्डाचा विषय परत काढू. पिंगची ती फाइल इथे टाकलीत तर मीही बघेन. सरासरी नको, ओळीच्या ओळी हव्यात.

लिमिट चालू व्हीएमवर काढता येते. कोअर कमी करायला मात्र व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागेल; आतून रीस्टार्ट केलं तर बदल लागू होत नाही. बिलिंगवाल्यांना विचारून, दिवसाचा हिशेब बंद झाल्यावरच करा.